केनाय नदीवर सॉकाय सॅमन: कोणता रॉड, कोणती गरी

अलास्कात सॅमन गरवायला जायचं म्हटलं की जो तो माशाच्या वजनावरून रॉड सुचवतो. जुलैत केनाय नदीवर जाऊन आल्यावर माझं मत वेगळं झालंय. मासा कुठून पोहतो आणि आपल्या दोन्ही बाजूंना किती माणसं उभी आहेत, यावरून रॉड ठरवावा. वजनाचा विचार त्यानंतर.

केनायचं नाव झालं ते किंग सॅमनमुळे. १९८५ साली याच नदीत ९७ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे ४४ किलोचा किंग गरीला लागला होता. आता तिथले किंग फार घटलेत आणि गेली काही वर्षं त्यांच्या मासेमारीवर बंदी येत राहिलीय. चुकून लागलाच तर पाण्याबाहेर न काढता सोडायचा. मन खट्टू होतं, पण बंदी योग्यच आहे. त्यामुळे किंगचा जाडजूड रॉड घरीच ठेवा. जुलैच्या उत्तरार्धात नदी भरून येतो तो सॉकाय, साधारण अडीच-तीन किलोचा.

हा मासा समुद्रात बारीक प्लवंगांवर वाढतो आणि नदीत शिरला की खाणं जवळजवळ सोडून देतो. आमिषाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. तोंड उघडत-मिटत प्रवाहाविरुद्ध चढत असतो, आणि आपली दोरी त्या उघड्या तोंडातून सरकून गरी जबड्याच्या कडेला अडकते. शिवाय ताकद वाचवायला तो काठालगतच्या संथ पाण्यातून जातो. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की मासे समोरून, चार-पाच हातांवरून जाताना दिसतात. अशा ठिकाणी लांब फेकीचा रॉड काय कामाचा?

माझ्या हातात नऊ फुटी, आठ नंबरचा (नंबर जितका मोठा तितका रॉड दणकट) फ्लाय रॉड होता आणि तोच मी सुचवेन. ट्राउटचा पाच-सहा नंबरचा रॉड नको. मासा पळत सुटला की तो नुसता वाकतो आणि मासा दहा जणांच्या दोऱ्यांत गुंता करून ठेवतो. फ्लाय रॉडची सवय नसेल तर साडेआठ-नऊ फुटी, मध्यम-जड स्पिनिंग रॉडही चालतो. केनायला येऊन मिळणाऱ्या रशियन नदीच्या 'फ्लाय फिशिंग ओन्ली' पट्ट्यातसुद्धा बंधन आहे ते दोरीच्या टोकाला काय बांधलंय यावर. एकेरी गरीची, वजन नसलेली फ्लाय (केस-पिसं बांधलेली गरी), गरीचं टोक आणि दांडी यांतलं अंतर जास्तीत जास्त तीन-अष्टमांश इंच, आणि दोरी बुडवायला शिसं बांधायचं तर फ्लायच्या किमान दीड फूट वर. दुकानातून निघण्यापूर्वी गरी मापून घ्या.

पैसे घालायचे तर रीलवर घाला, ब्रेक चांगला हवा. पुढचा तंगूस (गरीला बांधायची नायलॉनची दोरी) साधा, २० ते २५ पौंड ताण सोसणारा. महाग फ्लुरोकार्बनची गरज नाही, मासा दोरी बघून बुजत नाही. फ्लायच्या रंगावरूनही दुकानात डोकं शिणवू नका, टोकाला धार मात्र हवी. छोटी कानस खिशात असू द्या.

खरं कसब आहे ते शिशाचं. दोरी वाहत जाताना शिसं तळाच्या गोट्यांवर टक, टक असं हाताला जाणवलं पाहिजे. जाणवलंच नाही तर वजन कमी, दर वेळी अडकलं तर जास्त. जागा दोन पावलं बदलली तरी वजन बदलावं लागतं, म्हणून वेगवेगळ्या मापांची शिसं जवळ ठेवा. ती टकटक थांबून दोरी जड झाली की रॉड पाण्यालगत ठेवून काठाच्या दिशेला ओढायचा, वर उचलायचा नाही. मासा निसटला की तेच शिसं गोळीसारखं तोंडावर येतं. पोलराइज्ड चष्म्याशिवाय पाण्यात उतरूच नका.

गरी पाठीत किंवा शेपटीत रुतली तर मासा लगेच सोडायचा, हा कायदा आहे. असे मासे बरेच लागतात. सोडताना जीव हळहळतो, पण अंडी घालायला निघालेल्या जिवाशी एवढा प्रामाणिकपणा हवाच.

रशियन आणि केनाय मिळतात तिथे खांद्याला खांदा लावून माणसं उभी असतात. कुणी 'फिश ऑन!' ओरडलं की शेजाऱ्यांनी दोऱ्या गुंडाळायच्या, हा तिथला शिरस्ता. पलीकडच्या काठावर जायला फेरी आहे. तिला इंजिन नाही, तारेला बांधलेली नाव प्रवाहाच्या जोरावरच पलीकडे जाते.

माणसांइतकाच हक्क तिथे अस्वलांचा आहे. पिशवी, डबा, पकडलेले मासे हाताशीच ठेवा. दोरीवर मासा असताना अस्वल जवळ येऊ लागलं तर तंगूस कापा आणि मागे सरका. रॉडपेक्षाही आधी खिशात छोटी कात्री हवी ती यासाठी.

वेडर्स (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार) घेताना तळव्यांना नमदा लावलेले बूट घेऊ नका. एका नदीतले जीवजंतू दुसरीत जाऊ नयेत म्हणून अलास्काच्या गोड्या पाण्यात २०१२ पासून त्यांना बंदी आहे. खिळे असलेला रबरी तळ चालतो.

अँकरेज शहराहून या नदीकाठचं कूपर लँडिंग गाव साधारण १६० किलोमीटर. जुलैत रात्री अकरापर्यंत उजेड असतो, तेव्हा संध्याकाळी उशिरा, गर्दी ओसरल्यावर उतरा. बाहेरून येणाऱ्या, १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला परवाना लागतो, तो ऑनलाइन मिळतो. दिवसाला सहसा तीन सॉकाय ठेवता येतात, पण मोसमाच्या मध्येच आदेश बदलतात, म्हणून त्या दिवशी सकाळी राज्याच्या मत्स्य विभागाची सूचना वाचूनच निघा. चार तुकड्यांचा रॉड विमानात सोयीचा. गरी आणि शिसं चेक-इन बॅगेत टाका, आणि परतीसाठी मासे व्हॅक्यूम पॅक करून आदल्या रात्रीच कडक गोठवून घ्या.