अठ्ठेचाळीस वळणं

आज स्टेल्व्हिओ घाट सायकलवर चढले! इटलीतल्या प्रातो गावातून सकाळी साडेसहाला दादा आणि मी निघालो. २४ किलोमीटर, जवळजवळ १८०० मीटर चढ. प्रत्येक वळणावर आकडा लिहिलेला, तो ४८ पासून उतरत जातो. बाविसाव्याच्या सुमारास झाडं संपली आणि पुढची सगळी वळणं डोंगराला चिकटलेली एकदम दिसली. पोटात गोळाच आला. दादाने काही न बोलता मुठीत गूळ-शेंगदाणे ठेवले. घामाने गूळ बोटांना चिकटला, तोही चाटला.

हा रस्ता १८२० ते १८२५ या काळात ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी कार्लो दोनेगानी या अभियंत्याने बांधला. एवढ्या उंचीवर, यंत्रांशिवाय! १९५३ च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीत, इटालियन सायकलपटू फाउस्तो कोप्पी याच बाजूने चढून पुढे निघून गेला होता. शेवटच्या वळणांवर मला सारखी त्या दगड रचणाऱ्या हातांची आठवण येत होती.

२७५७ मीटरवर सायकली कुलूप लावून ठेवल्या आणि पायी द्रायश्प्राखेनश्पित्झं गाठलं, म्हणजे 'तीन भाषांचं शिखर'. इटालियन, जर्मन आणि रोमान्श बोलणारे प्रदेश इथे भेटतात. पहिल्या महायुद्धात इथेच आघाडी होती. समोर ऑर्टलर शिखराचा बर्फ, इतका जवळ की बोलणंच थांबलं. दादाने तिथूनच आईला फोन लावला. तिने आधी विचारलं, "स्वेटर घातलंयस ना?"