निकालाच्या आदल्या संध्याकाळी

नोव्हेंबर २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात नागपुरातल्या साऊंडवाल्यांकडे एक बॉक्स रिकामा नव्हता. २० तारखेला विधानसभेचं मतदान झालं होतं आणि २३ ला निकाल होता. कोण निवडून येणार हे कोणालाच माहीत नव्हतं, पण मिरवणूक निघणार हे नक्की होतं. त्यामुळे टॉप (वरच्या आवाजाचे बॉक्स), बेस (खोल, घुमणाऱ्या आवाजाचे बॉक्स), अॅम्प्लिफायर, जनरेटर सगळं आगाऊ बुक. माझंही होतं. २२ ची संध्याकाळ तेवढी मोकळी होती. त्या संध्याकाळी मी जे काम केलं त्याबद्दल लिहितो आहे, कारण तसं गिऱ्हाईक मला या धंद्यात आधी कधी भेटलं नव्हतं.

पहिला फोन सप्टेंबरातच आला होता. "भाऊ, आम्हाला एक अल्बम ऐकायचा आहे. स्टेज नाही, लाइट नाही, नाचणारं कोणी नाही. पंचवीस-तीस लोक बसून ऐकणार." ओपेथ नावाचा स्वीडनचा मेटल बँड, त्याचा नवा अल्बम 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' ११ ऑक्टोबरला यायचा होता. मी सरळ नाही म्हटलं. १२ ऑक्टोबरला दसरा, तोच धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्या आठवड्यात नागपुरात लाखो माणसं येतात आणि साऊंडचं सामान मागूनही मिळत नाही. पुढे कारखान्यात रेकॉर्ड छापायला उशीर झाला म्हणून अल्बमच २२ नोव्हेंबरवर ढकलला गेला आणि त्यांचा फोन पुन्हा आला. यावेळी मी हो म्हटलं.

जागा होती बजाजनगरातल्या एका शिकवणीच्या क्लासचा वरचा हॉल. खाली टाइल्स, तिन्ही भिंती कोऱ्या, एका बाजूला काच. अशा खोलीत टाळी वाजवली तरी ती चार वेळा परत येते. मी दुपारीच जाऊन बघून आलो आणि त्यांना सांगितलं की आधी बिछायत केंद्रातून गाद्या आणि जाड पडदे आणा. पोरांनी तासाभरात आणलेही. लग्नघरी असं सांगितलं तर लोक म्हणतात, तुम्ही फक्त आवाज वाढवा.

मी विचारलं, "बेस दोन आणू का?"

"एकच आणा भाऊ. आणि तोही कमीच ठेवा."

हे वाक्य मला कोणी तरी म्हणेल याची मी किती वर्षं वाट पाहत होतो, ते त्या पोराला सांगता आलं नाही. इथे प्रत्येक मिरवणुकीत, प्रत्येक वरातीत मिक्सरवरचे लाल दिवे लागलेले असतात, लिमिटर, म्हणजे आवाज हद्दीबाहेर जाऊ न देणारं यंत्र, दाबून धरलेला असतो आणि तरीही कोणीतरी गाडीवर चढून ओरडतो की बेस येत नाही.

त्यांचं कारण पक्कं होतं. मेटलचा ड्रमर दोन्ही पायांनी दोन पेडल मारतो. ठोके इतके जवळ पडतात की अठरा इंचाचा बॉक्स जरा जरी घुमत राहिला तर ठोका ठोक्यात मिसळून नुसती घरघर उरते. आणि ग्राउल, म्हणजे तो खोल गुरगुरता आवाज, तो तर गिटारच्याच पट्टीत येऊन बसतो. साडेसहाला हॉल भरायच्या आधी आम्ही ओपेथच्याच २००१ च्या ब्लॅकवॉटर पार्क या अल्बममधला एक तुकडा लावून पाहिला. मी अडीचशे हर्ट्झच्या आसपास, जिथे आवाज घुमट होतो, तिथे बराच कट दिला, बेस खाली घेतला. बँकेत नोकरी करणारा चाळिशीचा एक दाढीवाला माणूस मधोमध उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "बस. आता गळ्यातून येऊन राहिला. आधी डब्यातून येत होता."

मीही तोवर ग्राउल म्हणजे ओरडणं असंच धरून चाललो होतो. त्याने समजावलं की खरा ग्राउल जोराने ओरडून येत नाही. स्वरतंतूंच्या वर मांसाच्या दोन घड्या असतात, त्या थरथरवायच्या, श्वास पोटातून धरायचा. गाणारा जोर मर्यादितच लावतो, मोठेपणा माइक देतो. जो गळा फाडून ओरडतो त्याचा आवाज वर्षभरात बसतो. हे ऐकून मला किती तरी शाहीर आणि कव्वाल आठवले, ज्यांचा खर्ज मी माइकवर सांभाळला आहे.

आता हा अल्बम यांच्यासाठी एवढा मोठा का, ते सांगायला पाहिजे. ओपेथचा गायक आणि कर्ताधर्ता मिकाएल ओकरफेल्ट ग्राउलही करतो आणि अतिशय गोड साधंही गातो. २००८ च्या वॉटरशेड अल्बमपर्यंत दोन्ही चाललं. २०११ मध्ये हेरिटेज आला आणि त्यात ग्राउल नव्हता. पुढे २०१४, २०१६, २०१९, कशातच नाही. चार अल्बम. जुने चाहते नाराज झाले, काही निघूनच गेले. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये नव्या अल्बमचं पहिलं गाणं बाहेर आलं, त्यात ग्राउल परत होता. दाढीवाल्याने २००९ मध्ये हा बँड चेन्नईच्या आयआयटीत ऐकला होता. नागपूरहून ग्रँड ट्रंक एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसून गेला होता. त्याच्यासाठी हे सोळा वर्षांनी घरचं माणूस परत येण्यासारखं होतं.

सात वाजता सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत गेले. मिहानमध्ये आयटीत काम करणारी पोरं होती, जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करणाऱ्या एक वकीलबाई होत्या, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं होती, कामठीहून दोघं भाऊ आले होते. वकीलबाईंनी मला आणि माझ्या हेल्परला अल्बमची गोष्ट सांगितली, कारण इंग्रजी बोल त्या आवाजात आम्हाला उमगले नसते. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ. एक श्रीमंत म्हातारा मेला आहे आणि त्याच्या मुलांसमोर मृत्युपत्र वाचलं जातं आहे. गाण्यांना नावंच नाहीत, मृत्युपत्राच्या कलमांसारखे एक ते सात भाग आहेत आणि शेवटी तेवढं एक नाव असलेलं गाणं. "माझ्याकडे आठवड्याला अशी एक तरी केस येते," बाई म्हणाल्या. "फक्त आमच्याकडे म्हातारा मेल्यावर गात नाही."

मी प्ले दाबलं आणि मागे उभा राहिलो.

पहिला ग्राउल आला तेव्हा कोणी ओरडलं नाही, हात वर केले नाहीत. तो आवाज ऑगस्टपासून सगळ्यांनी ऐकलेला होता, पण इअरफोनमध्ये. समोर हवा ढकलत आला तसे पाठीमागून मला पंचवीस पाठी एकदम ताठ झालेल्या दिसल्या. दाढीवाला गुडघ्यावर बोटांनी मात्रा मोजत होता. चुकायचा, थांबायचा, पुन्हा धरायचा. ठेका सरळ नव्हताच. ओळीला कुठे एक मात्रा जास्त, कुठे कमी. चौथ्या भागात सगळं खाली उतरतं आणि बासरी येते. ती जेथ्रो टल या जुन्या रॉक बँडच्या इयान अँडरसनने वाजवली आहे. तिथे माझा हात आपोआप फेडरकडे, म्हणजे मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकपट्टीकडे गेला, कारण आमच्या कामात आवाज खाली गेला की लोक ओरडतात. मग लक्षात आलं की इथे कोणी ओरडणार नाही. हात काढून घेतला. हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता आणि त्यावर बासरी. माझ्याच बॉक्समधून, ज्यांतून दुसऱ्या दिवशी काय वाजणार होतं ते मला माहीत होतं.

अल्बम संपला. काही क्षण कोणी उठेना. मग जे सुरू झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं.

चहा आणि समोसे ठेवले होते, त्यांना कोणी हात लावला नाही. कोणी नव्या ड्रमरबद्दल बोलत होतं, वाल्तेरी वायरूनेन, बँडबरोबर त्याचा हा पहिलाच अल्बम. कोणाला निवेदनाचे तुकडे खटकले होते. कामठीच्या थोरल्या भावाने २००८ ची आठवण काढली, मेटालिका या मेटल बँडचा डेथ मॅग्नेटिक अल्बम. तेव्हा चाहत्यांच्या लक्षात आलं होतं की सीडीपेक्षा व्हिडिओ गेममधली तीच गाणी जास्त मोकळी वाजतात, कारण सीडीवर सगळं चेपून एकाच उंचीवर आणलं होतं. हजारो लोकांनी पुन्हा मिक्स करा म्हणून सह्या केल्या. मास्टरिंग, म्हणजे छापण्याआधी आवाजावरचा शेवटचा हात फिरवणाऱ्या टेड जेन्सनने सांगितलं की त्याच्याकडे आलं तेव्हाच ते चेपलेलं होतं. मला हे माहीत नव्हतं. ऐकणाऱ्यांनी, विकत घेणाऱ्यांनी आवाज मोठा आहे म्हणून तक्रार केली! मी त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

पण खरं भांडण पेटलं ते इंजिनिअरिंगच्या एका पोरामुळे. वीस-एकविशीचा, चष्मा, आवाज हळू. तो म्हणाला की त्याला अल्बम आवडला, पण वाईटही वाटलं.

"तुम्ही लोकांनी तेरा वर्षं त्याच्या मागे लागून ग्राउल परत आणवला," तो दाढीवाल्याला म्हणाला. "मी बँड ऐकायला लागलो तो २०१९ च्या इन कॉडा वेनेनमपासून. त्याची स्वीडिश आवृत्ती. मला भाषा येत नाही, तरी बारावीत रोज रात्री तीच ऐकायचो. आणि तुम्ही सगळे बोलून राहिले की आता बँड परत आला. म्हणजे मी ऐकला तो कोण होता?"

"अबे, तसं नाही रे."

"तसंच आहे काका. शेवटचं गाणं बघा ना. त्यात ग्राउल नाही. आणि तेच सगळ्यात भारी आहे."

दाढीवाला तडक म्हणाला, "ते भारी वाटते कारण आधी सात भाग तो म्हातारा गुरगुरून गेला. ग्राउल म्हणजे तो बाप आहे. वाचन संपलं, बाप संपला, मग साधा आवाज येते. आधीचं काढून टाक आणि ते गाणं एकटं लाव, अर्धं होते."

मला हे पटलं, आणि आजही पटतं. मेलेल्या माणसाने अजून घर ताब्यात ठेवलं आहे, हे त्या गळ्यानेच कळतं. वकीलबाईंनी शेवटची गोष्ट उलगडली: वारस ठरलेल्या मुलीला शेवटी पत्र येतं की तीही त्या म्हाताऱ्याची नाही. एवढी कलमं, एवढा दरारा, आणि ज्या रक्तासाठी हे सगळं लिहिलं ते रक्तच त्याचं नाही. तो शेवटचा गिटारचा लांब तुकडा कोणाच्या बाजूने वाजतो यावर आणखी दहा मिनिटं गेली.

पण पोराचा प्रश्न तसाच उभा होता आणि त्याने तो सोडला नाही. "बाप असू द्या. माझे चार अल्बम वाया गेलेली वर्षं होती का, तेवढं सांगा."

दाढीवाला गप्प झाला. मग म्हणाला, "खरं सांगू? हेरिटेज मी दोनदा ऐकला आणि ठेवून दिला. पुढचे तर घेतलेच नाहीत. मला माहीतच नाही त्यात काय आहे."

त्या पोराचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. जिंकल्याचा अजिबात नव्हता. त्याला वाईट वाटलं होतं, दाढीवाल्यासाठी. तो लगेच सांगायला लागला की कोणतं गाणं आधी ऐका, कुठे थांबा, कोणत्या जागी आवाज कसा फाटता फाटता राहतो. दाढीवाला खरंच ऐकत होता, मधेच कागद मागून त्याने नावं लिहून घेतली.

सव्वाआठला अल्बम पुन्हा लावला. नियमाप्रमाणे रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळे तेवढाच वेळ होता. दुसऱ्यांदा ऐकताना मला बँड ऐकू आला. पहिल्यांदा मी आवाज ऐकत होतो. बासगिटार कुठे चालतो, तंतुवाद्यं गिटारच्या मागून कशी वर येतात, ग्राउलच्या खाली साधा आवाज कुठे सोबत ठेवला आहे, हे दिसायला लागलं. मी एकही बटण हलवलं नाही. हेल्पर एरवी अशा वेळी खाली टेम्पोत जाऊन झोपतो, तो गादीच्या कडेला मांडी घालून बसला होता.

साडेनवाला वायरी गुंडाळताना दुसऱ्या दिवशीच्या पार्टीचा फोन आला. सकाळी सातला गाडी लागली पाहिजे, बेस फुल्ल पाहिजे. हो म्हटलं, तो माझा धंदा आहे आणि त्या पोरांचाही सण आहे. पण टेम्पो भरेपर्यंत दाढीवाला आणि चष्मेवाला जिन्यात उभे होते, आणि वर येऊन त्यांनी मला जानेवारीतली मोकळी तारीख विचारली. यावेळी वॉटरशेड आणि इन कॉडा वेनेनम एकापाठोपाठ, मधे चहा. मी तारीख लिहून दिली आणि सांगितलं की टेम्पोचे आणि हेल्परचे पैसे द्या, बॉक्सचं भाडं नको. गाद्या मात्र जास्त लागतील. मागची काच त्यांनी झाकली नव्हती, तिथून वरचा आवाज परत येत होता.