मिरजेतला एक दोरा

आत्याचा तानपुरा दहा वर्षं कपाटावर गवसणीत पडून होता. मागच्या महिन्यात तारा नव्या घातल्या, तरी आवाज बसलेलाच. तारा घालून देणाऱ्यानं हात वर केले. "जवारी गेलीय, तारेची गुंज. मिरजेला न्या."

म्हणून कोयना एक्सप्रेस. खिडकी तानपुऱ्याला, कडेची जागा मला. साताऱ्यापर्यंत तिघांनी "वीणा का?" म्हणून विचारलं. तिसऱ्याला मी हो म्हणून टाकलं.

मिरज स्टेशनवर रिक्षावाल्याला नुसतं "सतारमेकर गल्ली" म्हटलं की पुरतं. वाटेत मीरासाहेबांचा दर्गा लागतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथलीच. उरुसात त्यांच्या नावानं गाण्याचा उत्सव होतो, तो मात्र याही वेळी हुकला.

दुकान म्हणजे बारा बाय पंधराची खोली असेल. लाखेच्या पॉलिशचा वास. आढ्याला टांगलेले वाळके भोपळे, काही माझ्या मिठीत न मावणारे. ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. "कडू जात आहे ताई, भाजीचा नव्हे," वाद्य घडवणारे चाचा म्हणाले. "कडू म्हणून तर कीड लागत नाही." भोपळा भिजवायचा, कापायचा, आतला गर खरवडायचा, मग त्यावर तुणीच्या लाकडाचा गळा, तबली म्हणजे भोपळ्यावरची फळी, आणि दांडी. बायकांच्या आवाजाच्या पट्टीला लहान भोपळा, पुरुषांच्या पट्टीला मोठा. आत्याचा लहान.

यांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. संस्थानांच्या लढाया संपल्या आणि हत्यारांचं काम आटलं. मिरजेच्या पटवर्धनांच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता घडवायला सुरुवात केली, असं इथं सगळेच सांगतात. धार लावणाऱ्या हाताला घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, घासायला जड गेलं नसावं, हा आपला माझा अंदाज.

कारण जवारी म्हणजे घासणंच. तार घोडीच्या कडेवर टेकत नाही, तिच्या पाठीवरून जाते. ती पाठ अगदी किंचित उतरती असते. छेडलेली तार त्या उतारावर परत परत हलकी घासते, आणि त्यातून तो गुंजणारा, भरलेला आवाज येतो. उतार केसभर चुकला की आवाज एक तर ठणठणतो, नाहीतर मरतो. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा. योग्य जागी आला की आवाज एकदम उघडतो.

चाचांनी कानस दोनदा फिरवली, फुंकर मारली, तार छेडली. पुन्हा दोनदा. मला दोन्ही वेळचा आवाज एकच वाटला. तसं म्हटलं तर हसले. "तीन वर्षं पोरालाही एकच वाटत होता."

पोरगा म्हणजे त्यांचा पुतण्या, एकोणीस वर्षांचा. आधी एक वर्ष नुसतं पॉलिश, मग खुंट्या, मग तारा. फोनमध्ये ट्यूनर आहे, त्यावर सूर तो झटक्यात जुळवतो. जवारीला मात्र ट्यूनर उपयोगाचा नाही. सूर बरोबर असतानाही आवाज बंद असू शकतो, आणि ते काटा दाखवत नाही.

भिंतीवर मानांकनाची बातमी चिकटवलेली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. काही फरक पडला का, विचारलं.

"फोन वाढले. ऑनलाइन पाठवाल का विचारतात. पाठवतो की. पण जवारी ऑनलाइन कशी लावू?"

चहा आला. तानपुऱ्याचं ॲप असताना तानपुरा कोण घेतं, हा प्रश्न मी पोटातच ठेवला. माझ्या फोनमध्येही ते ॲप आहे.

पंचम आणि जोडाच्या दोन तारा चाचांनी लावल्या. खर्जाच्या, सगळ्यात खालच्या सुराच्या तारेला मात्र दोरा पुतण्याच्या हातात दिला आणि स्वतः भोपळ्यांकडे तोंड करून बसले, कप हातात. पोरगा दोरा सरकवी, तार छेडी, वर बघे. चाचांची पाठ हलायची नाही. पाचव्या-सहाव्यांदा पाठमोऱ्यानंच म्हणाले, "मागं. जरा."

त्यानं दोरा सरकवला, तो सरकलेला मला दिसलासुद्धा नाही. पण या वेळी मलाही ऐकू आलं. चाचांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "गवसणी कुठंय?"