पत्रकावरचा देव

पंचवटीत मावशीकडे बसले होते तर प्रचारवाले आले, पत्रक दिलं, एका बाजूला प्रभू रामचंद्र, मागं उमेदवार हात जोडून. मावशीने विचारलं, अरे दादा, नळाला पाणी नीट कधी येणार? पोरगा म्हणाला, "येईल हो मावशी, आधी धर्म टिकला पाहिजे."

ते गेले. मावशीने पत्रक देवघरापाशी ठेवलं. देवाचा फोटो कचऱ्यात कसा टाकणार? म्हणजे उमेदवार पण तिथेच राहिला, आणि हे त्यांना छापतानाच माहिती असतं, राग याचा आला.

धर्माच्या नावावर मत मागणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचरण आहे, कलम १२३(३), धार्मिक चिन्हं वापरणं पण त्यातच येतं. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मतदाराच्या धर्माचा हवाला देऊन पण मत मागायचं नाही. पण इलेक्शन पिटिशन, म्हणजे निवडणुकीला कोर्टात आव्हान देणारी याचिका, निवडणुकीच्या निकालानंतरच करता येते, तोवर साहेब खुर्चीत.

याच पंचवटीत काळारामाच्या दर्शनासाठी १९३० ला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, तेव्हा दारं बंद होती. आता तोच राम मतांसाठी घरोघरी वाटतायत!

तुमच्याकडे आले तर कोणी तोंडावर विचारलं का त्यांना?