सीएसआरएफचा शेरा क्लोज होईपर्यंत: माझा अनुभव

एका पतसंस्थेच्या सभासद-पोर्टलचं सिक्युरिटी ऑडिट झालं आणि रिपोर्टमध्ये सीएसआरएफचा (क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी) शेरा आला. कोड जुना, पीएचपीतला. दुरुस्ती माझ्याकडे आली.

दुखणं असं, की सभासद लॉगिन असताना परक्या साइटने त्याच्या ब्राउझरमधून पोर्टलला रिक्वेस्ट पाठवली, तर सेशनची कुकी (लॉगिनची ओळख पटवणारी ब्राउझरमधली नोंद) आपोआप सोबत जाऊ शकते. सर्व्हरला वाटतं, बटण सभासदानेच दाबलं.

टीममध्ये पहिला प्रश्न हाच आला, की क्रोम आता हे अडवतो ना? थोडंफार अडवतो. २०२० च्या क्रोम ८० पासून सेमसाइट (परक्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत कुकी जावी का, हे ठरवणारी सेटिंग) न लिहिलेली कुकी 'लॅक्स', म्हणजे मधल्या सैलपणाची, धरली जाऊ लागली. परक्या साइटवरून आलेल्या पोस्टसोबत, म्हणजे फॉर्मने डेटा पाठवणाऱ्या रिक्वेस्टसोबत, ती सहसा जात नाही. पण लिंक दाबून उघडणाऱ्या गेट रिक्वेस्टसोबत जाते, आणि आमच्याकडे नॉमिनी काढायची लिंक चक्क गेट होती. मी टेस्ट सर्व्हरवर डमी सभासद लॉगिन केला, दुसऱ्या डोमेनवर लिंक ठेवली आणि सगळ्यांसमोर दाबली. नॉमिनी गेला. मग कुणी वाद घातला नाही.

डेटा बदलणारी प्रत्येक लिंक पोस्ट फॉर्ममध्ये नेली. लॉगिननंतर पीएचपीच्या रँडम-बाइट्स फंक्शनने टोकन (अंदाज न येणारा गुप्त कोड) बनवून सेशनमध्ये ठेवलं, फॉर्मच्या हिडन फील्डमध्ये टाकलं आणि सर्व्हरवर हॅश-इक्वल्स फंक्शनने ताडून पाहिलं. हे काम सरळ होतं.

खरी डोकेदुखी पेमेंटची. कुकीवर 'लॅक्स' स्पष्ट लिहिल्यावर हप्ता भरून परत येणारा सभासद थेट लॉगिन पानावर पडू लागला. पेमेंट गेटवे (पैसे घेणारी बाहेरची सेवा) निकाल पोस्टने पाठवतो, म्हणजे तीही परक्या साइटचीच पोस्ट! कुकी येत नाही, आमचं पान सेशन सुरू करायला जातं आणि नवी कुकी जुनीवर बसते. कुकी 'नन' करा, म्हणजे परक्या साइटवरूनही सरसकट जाऊ द्या, असा सल्ला मिळाला. मला तो अजिबात पटला नाही. एका पानासाठी अख्खं पोर्टल उघडं का टाकायचं? त्या पानावर सेशन सुरूच केलं नाही. टोकनऐवजी गेटवेची डिजिटल सही तपासली, रक्कम नोंदवली आणि ३०३ रीडायरेक्टने (ब्राउझरला गेटने दुसऱ्या पानाकडे वळवणारं उत्तर) पावतीच्या पानावर पाठवलं. तिथे गेट असल्याने कुकी नीट येते.

री-टेस्टमध्ये ऑडिटरने टोकनचं फील्ड काढून पाहिलं, मग एका सभासदाचं टोकन दुसऱ्याच्या सेशनमध्ये वापरून पाहिलं. दोन्हीकडे ४०३, म्हणजे सर्व्हरचा नकार. शेरा क्लोज झाला.