सरासरीत न बसणारी माणसं

शाळेत माझं मन जीवशास्त्रापेक्षा गणितात रमायचं. त्यामुळे मी हृदयरोगतज्ज्ञ झालो याचं जुन्या वर्गमित्रांना अजून नवल वाटतं. खरं तर माझं निम्मं आयुष्य आकडेमोडीतच गेलं, आणि त्याला गणिताच्या सरांचा एक तास कारणीभूत आहे. सरांनी वर्गातल्या सगळ्यांच्या उंच्या फळ्यावर लिहून सरासरी काढायला लावली. उत्तर आल्यावर म्हणाले, "आता बरोबर एवढ्या उंचीचा कोण आहे, त्यानं उभं राहा." कुणीच उठलं नाही. सर एवढंच म्हणाले, "कुणी आकडा सांगितला की आधी विचारायचं, मोजलं कुणाला?"

लंडनला नोकरी लागल्यावर हा प्रश्न रोजचाच झाला. भारतीय उपखंडातून आलेली माणसं ऐन पन्नाशीत, कधी त्याआधीच, हार्ट अटॅक घेऊन दाखल व्हायची. अंगकाठी बारीक, सिगारेटला हात लावलेला नाही, आणि छातीवर मूठ दाबून म्हणायचं, "काही नाही डॉक्टर, गॅस झालाय." हृदयविकाराचा धोका मोजायच्या आमच्या तक्त्यात अशा माणसाचा धोका 'कमी' दाखवला जायचा. हे तक्ते अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासावर बेतलेले होते. 1948 मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासातले 5,209 लोक जवळजवळ सगळे गोरे. अभ्यास मोलाचाच, पण सरांचा प्रश्न तिथे लागू होता.

पश्चिम लंडनमधल्या साउथॉलमध्ये पॉल मॅकीग आणि सहकाऱ्यांनी केलेल्या तपासणीचे निष्कर्ष 1991 मध्ये आले: पोटावरची चरबी आणि इन्सुलिनला न जुमानणारं शरीर, खरी मेख इथे होती. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये हे एका फोटोतच दाखवलं. ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! माझ्या कित्येक व्याख्यानांचं काम त्या एका फोटोनं केलं.

"आपल्या रक्तातच आहे" हे वाक्य मात्र मला पटत नाही. त्याच वर्षीच्या 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात बहुतेक धोका नऊ कारणांत सापडला, आणि ती कारणं सगळीकडे तीच. दक्षिण आशियात ती लवकर गाठतात, एवढंच. पहिल्या झटक्याचं सरासरी वय तिथे 53, इतरत्र जवळपास 59. रात्रपाळी, दाटीवाटीची घरं, डॉक्टरांशी बोलायला भाषा नाही, या गोष्टी रक्ताच्या अहवालात दिसत नाहीत. संशोधकांनाही वंशावर बोट ठेवून मोकळं होणं सोयीचं पडतं, हे मी जवळून पाहिलंय.

हाताखालच्या मुलांच्या हाती मी आधी टेप देतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, कातडीला न आवळता. कमरेच्या घेराची धोक्याची रेघ गोऱ्या पुरुषाला 94 सेंटिमीटर, आपल्याकडच्याला 90. बीएमआयची धोक्याची रेघही आशियाई लोकांसाठी 23 वर आली. ब्रिटनमध्ये 2008 पासून धोका मोजताना वांशिक गटही धरतात.

तरी 'दक्षिण आशियाई' हा एकच रकाना अजून पुष्कळ ठिकाणी दिसतो. ब्रिटनमधल्या बांगलादेशी आणि भारतीय माणसांच्या धोक्यात बराच फरक आहे, हे न्यूकॅसलच्या अभ्यासानं 1999 मध्येच सांगितलं होतं. सध्या माझा बहुतेक वेळ तो रकाना फोडण्यात जातो.