देवगडची हवा, १८ गेजचा पत्रा आणि दोन टिंबं

देवगडच्या घराच्या पडवीला लेझर कट जाळी लावायची ही आयडिया माझीच, त्यामुळे पहिल्या वेळी जे पैसे पाण्यात गेले त्यासाठी दुसऱ्या कुणाला बोलायची सोय नाही. एक वेलबुट्टीचं डिझाइन आवडलं, मशीनला लागते तशी डीएक्सएफ ड्रॉइंग फाइल करून घेतली, भोसरीत एका लेझर कटिंगवाल्याकडे पाठवली, त्याने विचारलं पत्रा कुठला, मी म्हटलं साधा एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, आपलं साधं लोखंड, १८ गेज. १८च का, तर आमच्या जुन्या कपाटवाल्याने "ताई १८ गेज आहे, १८ गेज" म्हणून डोकं खाल्लं होतं, तोच आकडा लक्षात राहिलेला. बास, एवढाच अभ्यास!

१८ गेज म्हणजे १.२ एमएम. सहा बाय तीन फुटाचा पॅनल, त्यात गच्च वेल, म्हणजे हजारभर कट. एवढी उष्णता एवढ्या पातळ पत्र्यात गेल्यावर तो सरळ कसा राहणार, मधे दाबला की टप्प आवाज करून पलीकडे फुगायचा, तिकडून दाबला की इकडे. मला वाटलं चार स्क्रू मारले की बसेल. जूनमध्ये वारा सुटला आणि शेजारच्या काकींचा फोन, "काय गो, राती पत्रो कोण वाजयता?"

गणपतीला गेलो तर आवाजापेक्षा वाईट प्रकार. पावडर कोटिंग वरून छान, पण प्रत्येक पानाच्या कडेला कोट फुगून सुटलेला आणि खाली तांबूस गंज. नंतर कळलं की लेझरबरोबर ऑक्सिजनचा झोत सोडून एमएस कापला की कडेला काळसर ऑक्साइडचा थर राहतो, तो घासून काढला नाही तर कोटिंग त्या थराला चिकटतं, पत्र्याला नाही, आणि थर सुटला की कोट पण गेला. नायट्रोजनवर कापलं तर कड चकचकीत येते, पण गॅसचा खर्च जास्त म्हणून कुणी आपणहून सांगत नाही.

दुसऱ्या वेळी त्याच गल्लीतल्या दुसऱ्या एकाकडे गेले. तो फाइल उघडायच्या आधी म्हणाला, "ताई, जाळी कुठं बसणार ते सांगा." समुद्रापासून अर्धा किलोमीटर म्हटल्यावर त्याने एमएसचं नावच काढलं नाही, जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा, तो पण नको म्हणाला, कारण वरून जस्त असलं तरी लेझरने कापलेली कड उघडीच राहते. म्हणजे अल्युमिनियम, त्यातला ५०५२ नंबरचा प्रकार, खाऱ्या हवेत टिकतो आणि वाकवताना तडकत नाही.

मला अल्युमिनियम म्हणजे डबा-बाटली वाटायचं. तर त्याने पाठकोऱ्या कागदावर हिशोब करून दाखवला. लोखंडाचा १ एमएम पत्रा एक चौरस मीटरला ७.८५ किलो, अल्युमिनियम २.७. अल्युमिनियम लोखंडाच्या एक तृतीयांशच ताठ असतो हे खरं, पण जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. म्हणून ३ एमएम अल्युमिनियम साधारण २ एमएम लोखंडाएवढा ताठ, आणि माझा पॅनल न कापलेला धरला तर साडेतेरा किलो, २ एमएम लोखंडात तोच सव्वीस. चिऱ्याच्या भिंतीत जड पॅनल टांगायचा म्हणजे आधीच धाकधूक, त्यामुळे मला तिथेच पटलं.

पण डिझाइन बदलावं लागलं. दोन भोकांमधली पट्टी निदान पत्र्याच्या जाडीएवढी हवी, दुप्पट असेल तर निवांत. माझ्या वेलाचे देठ २ एमएमचे, ते ६ केले, निम्मी पानं उडवली. कटिंगचे पैसे लांबीवर आणि किती ठिकाणी बीम भोक पाडतो त्यावर, म्हणजे पानं कमी तर बिलही कमी. चारही कडा वाकवून घेतल्या, कापताना खालच्या बाजूला राहिलेली धारदार कोर (बर) कानशीने काढून घेतली, स्क्रू एसएसचे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, आणि खाली नायलॉनचे वॉशर, नाहीतर दोन धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना चिकटून राहिले की अल्युमिनियम खाल्ला जातो.

नावाची पाटी राहिली. अप्पांना पितळेची हवी होती, पण दर आठवड्याला चिंच लावून घासणार कोण? एसएस ठरलं. तिथे पण गंमत, एसएसचे नंबरवारी प्रकार असतात, आधी एका ठिकाणी ३०४ म्हणून दाखवलेला तुकडा हलक्या प्रतीचा २०२ निघाला. लोहचुंबक दोन्हीला चिकटत नाही, त्यामुळे घरी कळायचा मार्ग नाही, टेस्टिंगचं केमिकल टाकल्यावर कळलं. किनाऱ्यावर ३०४ वर पण चहाच्या डागासारखे ठिपके येतात, म्हणून ३१६ घेतलं, ३ एमएम, त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, तो खाऱ्या हवेत टिकायला मदत करतो.

घराचं नाव "चांदणं". अक्षरं सुटी कापायची, मागे भिंत दिसेल अशी. आपल्या लिपीचं हे बरंय की शिरोरेघेने सगळं नाव एकाच तुकड्यात राहतं, इंग्रजीत प्रत्येक अक्षर वेगळं बसवत बसा. फक्त अनुस्वार! कापल्या कापल्या दोन्ही टिंबं मशीनच्या फळ्यांमधून खाली ट्रेमध्ये. मग ४ एमएमच्या बारीक देठाने शिरोरेघेला जोडून पाटी परत कापली.

अप्पा गाडीतून उतरले, जाळीकडे बघितलंसुद्धा नाही, पाटीसमोर चष्मा वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "टिंबाला देठ कसला गं हा?"